उसने घेणे, उसने देणे

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १६ मार्च २०१८ पासून गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांवरचे काम बंद झाले. त्यानंतरच्या एका रविवारी डिचोली तालुक्यातील आमच्या घरी माझा एक जुना विद्यार्थी आला. त्याचे खनिजवाहतुकीचे दोन ट्रक होते, दोन्ही कर्ज काढून घेतलेले, आणि हप्त्यांना मुदतवाढ मिळावी म्हणून त्याने बँकेसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला होता. "बाई, एकदा नजर घालाल का?" असे म्हणून त्याने कागद पुढे केला. अर्ज नेटका होता, मुद्दे क्रमाने आले होते, आकडे बरोबर होते. फक्त 'आमच्यावर फार वाईट परिणाम झाला आहे' असे सांगणाऱ्या वाक्यात 'अफेक्टेड' हवे होते तिथे त्याने 'इफेक्टेड' लिहिले होते. मी पेन्सिलीने ते एक अक्षर बदलले. तो थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हे तुम्ही आठवीत शिकवले होते, बाई. अफेक्ट हे क्रियापद आणि इफेक्ट हे नाम. मला पाठ आहे. पण लिहायला बसलो की दोन्हीकडे मला 'परिणाम'च दिसतो."

तीस वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवल्यानंतर मला माझ्या शिकवण्यातली उणीव त्या एका वाक्यात कळली. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मराठीत परिणाम होतो, परिणाम करतात, परिणाम भोगतात. नाम एकच असते आणि काम काय चालले आहे ते शेजारचे क्रियापद सांगते. इंग्रजी मात्र त्या दोन कामांसाठी दोन वेगळे शब्द ठेवते. मी मुलांना नियम दिला होता, पण तो ज्या मनात रुजायचा त्या मनात आधी मराठीची कोणती मांडणी आहे याचा विचार केला नव्हता. मी तेव्हा 'बाधित' हा शब्द वापरला असता तर पुरे होते. पूरबाधित, प्रकल्पबाधित हे शब्द सरकारी सूचनांमधून प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असतात, आणि अफेक्टेड म्हणजे नेमके बाधित. इफेक्ट म्हणजे परिणाम, निष्पत्ती. मूळ लॅटिनमध्ये दोन्ही शब्द 'करणे' या एकाच धातूपासून आले आहेत. एकाच्या आधी 'कडे' या अर्थाचा उपसर्ग आहे, दुसऱ्याच्या आधी 'बाहेर' या अर्थाचा. जे कोणावर तरी जाऊन पोहोचते ते अफेक्ट, आणि जे कृतीतून बाहेर पडते ते इफेक्ट. इफेक्ट क्वचित क्रियापद म्हणूनही येतो, पण तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा होतो. म्हणून 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे, आणि 'अफेक्ट अ चेंज' म्हणजे आधीच चाललेल्या बदलावर प्रभाव टाकणे. माझ्या विद्यार्थ्याचे मूळ वाक्य काटेकोरपणे वाचले तर 'आम्हांला घडवून आणले गेले' असे काहीतरी होत होते, आणि त्याला सांगायचे होते की आम्ही मोडून पडलो आहोत.

हे सारे त्याला सांगत असताना मला बाबांच्या वहीची आठवण झाली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा बाबा तीस वर्षांचे होते. मराठी ते घरी पंतोजींकडे शिकले होते, पोथ्या वाचत होते, पण कचेरीतली त्यांची सारी कारकुनी पोर्तुगीजमध्ये चाले. पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, त्यांनी पाच वर्षे काढली होती आणि त्यांच्या पोर्तुगीज अक्षराला साहेबांकडून शाबासकी मिळत असे. मुक्तीनंतर थोड्याच काळात कचेरीची भाषा इंग्रजी झाली, आणि ज्या माणसाकडे इतर लोक मसुदे लिहून घ्यायला येत, तोच माणूस रात्री कंदिलापाशी बसून इंग्रजीची पहिली पुस्तके वाचू लागला. त्या काळात त्यांनी तीन रकाने आखून एक वही केली: डावीकडे पोर्तुगीज, मध्ये इंग्रजी, उजवीकडे मराठी. ती वही आज माझ्याकडे आहे.

वहीतली पहिली नोंद एका दुखण्यातून आली. बाबांना सर्दी झाली होती आणि गोव्याबाहेरून नव्याने आलेल्या एका डॉक्टरांकडे ते गेले होते. पोर्तुगीजमध्ये सर्दी झालेल्या माणसाला 'कोंश्तिपादु' म्हणतात. इंग्रजीत त्याच रूपाचा 'कॉन्स्टिपेटेड' हा शब्द आहे हे बाबांनी कुठेतरी वाचले होते. तोच आपला शब्द असे समजून त्यांनी तो डॉक्टरांना सांगितला आणि रेचक घेऊन घरी आले. डॉक्टरांचे काही चुकले नव्हते, त्यांनी ऐकलेल्या शब्दावर औषध दिले होते. पण दोन दिवस अंथरुणात काढल्यावर बाबांनी वही घेतली आणि डाव्या रकान्यातल्या शब्दासमोर मधल्या रकान्यात 'कोल्ड' व उजव्या रकान्यात 'पडसे' असे ठळक लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. ही गोष्ट सांगताना ते कधी हसत नसत. भाषा हातात असलेल्या माणसाला अचानक अडाण्यासारखे बोलावे लागते तेव्हा जे वाटते, ते त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा उमटत असे.

पुढच्या पानांवर अशा फसव्या जोड्या ओळीने आल्या आहेत. पोर्तुगीज 'प्रेतेंदेर' म्हणजे इरादा असणे, इंग्रजी 'प्रिटेंड' म्हणजे सोंग करणे. एखाद्या अर्जात 'मी जागा घेण्याचा इरादा ठेवतो' असे लिहायचे असताना 'मी सोंग करतो' असे लिहिले जाण्याचा धोका किती मोठा होता हे त्यावरून लक्षात येते. 'आसिश्तिर' म्हणजे सभेला हजर राहणे, तर 'असिस्ट' म्हणजे मदत करणे. 'आक्तुआलमेंत' म्हणजे सध्या, तर 'ॲक्च्युअली' म्हणजे वास्तविक. 'एव्हेंतुआलमेंत' म्हणजे कदाचित, तर 'इव्हेंच्युअली' म्हणजे अखेरीस. 'पुशार' म्हणजे ओढणे, आणि कानाला तसाच लागणारा इंग्रजी 'पुश' म्हणजे ढकलणे. एका नोंदीपाशी मात्र बाबांनी प्रश्नचिन्ह ठेवले आहे. आजच्या पोर्तुगीजमध्ये 'लिव्रारिया' म्हणजे पुस्तकांचे दुकान, आणि इंग्रजी 'लायब्ररी' म्हणजे ग्रंथालय, असा भेद त्यांना शिकवला गेला होता. पण पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली सुरू झाले तेव्हा त्याचे नावच 'पुब्लिका लिव्रारिया' होते. शब्द एका जागी स्थिर राहत नाहीत, त्यांचा अर्थ वापराबरोबर सरकतो, हे त्या प्रश्नचिन्हातून मी फार लहानपणी शिकले.

बाबांचे घोटाळे पोर्तुगीजमधून आलेले होते आणि माझे मराठीतून. म्हणूनच इंग्रजीतील सारखे वाटणारे शब्द चुकणाऱ्या मुलाला निष्काळजी म्हणणे मला पटत नाही. बहुतेक चुका अभ्यास न केल्यामुळे होत नाहीत. त्या होतात कारण मुलाच्या आधीच्या भाषेने सीमारेषा दुसऱ्या ठिकाणी आखलेली असते. ती रेषा दाखवून दिली तर चूक निम्मी सुटते.

'बॉरो' आणि 'लेंड' यांचेच पाहा. माझ्या प्रत्येक वर्गात दरवर्षी कोणीतरी 'मला तुझे पेन लेंड करू का' असे विचारणारे वाक्य लिहीत असे. मराठीत 'उसने' हा शब्द दोन्ही बाजूंना सारखाच उभा असतो. घेणे लावले की तो आपल्याकडे येतो आणि देणे लावले की दुसऱ्याकडे जातो. गंमत म्हणजे बाबांच्या पोर्तुगीजमध्येही देण्याला 'एंप्रेश्तार' म्हणतात आणि घेण्यासाठी त्याच शब्दाचे रूप 'मागणे'ला जोडतात, त्यामुळे या एका जोडीपाशी बाबा आणि मी दोघेही सारखेच अडखळलो. मी मुलांना सांगत असे की बॉरो म्हणजे उसने घेणे, त्यात वस्तू माझ्याकडे येते. लेंड म्हणजे उसने देणे, त्यात वस्तू माझ्याकडून जाते. बॉरोच्या मुळाशी तारण या अर्थाचा एक जुना इंग्रजी शब्द आहे, हे सांगितले की मोठ्या मुलांच्या ते चांगले लक्षात राहत असे, कारण तारण ठेवायचे ते घेणाऱ्याने. पण मला इथे आणखी एक गोष्ट नेहमी सांगावीशी वाटे. शेजारच्या घरून वाटीभर साखर आणली तर ते उसने, कारण साखरच परत करायची. ओळखीवर बिनव्याजी पैसे घेतले तर ते हातउसने. आणि बँकेकडून व्याजाने घेतले तर ते कर्ज. इंग्रजी बॉरो हे तिन्ही एकाच पोत्यात भरते. आपली भाषा भेद करत नाही असे नाही, ती वेगळ्या ठिकाणी भेद करते, हे कळले की मुले इंग्रजीसमोर थोडी ताठ बसतात.

सर्वांत जास्त वेळ मी 'लाय' आणि 'ले' या जोडीवर घालवला आहे, आणि तो वाया गेला असे मला कधी वाटले नाही. लाय म्हणजे आडवे होणे, पडून राहणे. ले म्हणजे आडवे ठेवणे, निजवणे. घोटाळा वाढतो तो लायचा भूतकाळही 'ले' असाच होतो म्हणून. त्याची रूपे लाय, ले, लेन. आणि दुसऱ्याची ले, लेड, लेड. नियम म्हणून हे पाठ करायला दिले तर मुले दोन दिवसांत विसरतात. एकदा मी फळ्यावर डावीकडे 'निजणे' आणि उजवीकडे 'निजवणे' लिहिले आणि विचारले की या दोहोंत काय फरक आहे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने उत्तर दिले की पहिल्यात बाळ आपले आपण निजते आणि दुसऱ्यात आई त्याला निजवते. त्या वर्गातल्या कोणालाही प्रयोजक क्रियापद ही व्याकरणातली संज्ञा सांगावी लागली नाही, कारण प्रत्येकाच्या जिभेवर ती आधीच होती. शिकणे-शिकवणे, बसणे-बसवणे, आणि कोकणीतही शिकप-शिकोवप. मग मी इंग्रजी जोड्या त्यांच्याखाली लिहीत गेले: सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे, राइझ म्हणजे उठणे, वर येणे आणि रेझ म्हणजे उठवणे, वर करणे, लर्न म्हणजे शिकणे आणि टीच म्हणजे शिकवणे, रिमेंबर म्हणजे आठवणे आणि रिमाइंड म्हणजे आठवण करून देणे. कोंबडी अंडे 'लेज' करते, म्हणजे ती ते खाली ठेवते. कोंबडी स्वतः 'लाय' करते, म्हणजे खुराड्यात पडून राहते.

यात मला स्वतःला सर्वांत आवडलेली जोडी 'फॉल' आणि 'फेल' ही आहे. फॉल म्हणजे पडणे. फेल हा त्याचा भूतकाळ तर आहेच, पण त्याच रूपाचे दुसरे, स्वतंत्र क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ झाड पाडणे असा आहे. पडणे आणि पाडणे, फॉल आणि फेल. मराठीत मधला स्वर बदलला की स्वतः होणाऱ्या क्रियेची दुसऱ्याने केलेली क्रिया होते: मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे. इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही अशी प्रयोजक रूपे नेमाने बनत आणि ती बनताना मधला स्वर बदलत असे. सिट-सेट, लाय-ले, फॉल-फेल हे त्या जुन्या रीतीचे उरलेले अवशेष आहेत. 'ड्रिंक' म्हणजे पिणे, आणि आज आपण पावसात चिंब होण्यासाठी वापरतो तो 'ड्रेंच' मुळात पाजणे होता. जनावरांच्या वैद्यकात जनावराला तोंडावाटे औषध पाजण्यासाठी हा शब्द अजूनही वापरतात. इंग्रजांना आज ही रचना ओळखता येत नाही, कारण त्यांच्या भाषेत ती मरून गेली आहे, आणि आमच्या आठवीतल्या मुलांना ती ओळखता येते, कारण मराठीत ती जिवंत आहे. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज होते आणि त्यांनी मराठीत ओव्या रचल्या. पडणे-पाडणे शिकताना त्यांना आपल्या भाषेतली फॉल-फेलची जोडी आठवली असेल का, हा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.

काही घोटाळे अर्थाचे नसून कानाचे असतात. 'लूस' म्हणजे सैल, यात शेवटचा उच्चार स असा आहे; 'लूझ' म्हणजे गमावणे, हरणे. मराठीने सैलचा अर्थ घेताना शब्द मात्र 'लूज' असा घेतला: नट लूज झाला, वायर लूज आहे. म्हणजे गमावण्याचा उच्चार आणि सैलपणाचा अर्थ आपल्याकडे एकत्र नांदतात, आणि मुलगा लिहायला बसला की 'मी माझे पुस्तक सैल केले' असे लिहून मोकळा होतो. सल्ला या अर्थाचे नाम 'ॲडव्हाइस' आणि सल्ला देणे हे क्रियापद 'ॲडव्हाइझ' यांतही हाच स आणि झ यांचा भेद आहे, आणि तो नीट ऐकला तर स्पेलिंगही चुकत नाही. प्रॅक्टिस आणि लायसन्स या शब्दांत ब्रिटिश पद्धतीने नामाला सी आणि क्रियापदाला एस येतो, पण तिथे उच्चार एकच असल्याने कान मदत करत नाही. शिवाय फोन अमेरिकन स्पेलिंगवर ठेवलेला असेल तर तो तुमचे बरोबर लिहिलेलेही बदलतो.

जिथे उच्चार पूर्णपणे एकच आहे तिथे देवनागरीत लिहून भेद दाखवणेही शक्य नाही. मुख्याध्यापक आणि तत्त्व या दोन्हींना आपण 'प्रिन्सिपल' असेच लिहितो. प्रशंसा आणि पूरक यांना 'कॉम्प्लिमेंट'. 'स्टेशनरी'च्या बाबतीत तर आपल्या अनेक दुकानांच्या पाट्यांवर 'न हलणारे' या अर्थाचे स्पेलिंग रंगवलेले असते. पूर्वी मी मुलांना सांगे की लिफाफा म्हणजे एन्व्हलप, त्याचा ई लक्षात ठेवा; कागद-लिफाफ्यांच्या स्टेशनरीत तोच ई येतो, 'न हलणारे'मध्ये ए. पुढे मला या शब्दाचा इतिहास कळला आणि मी ती युक्ती सोडली. मध्ययुगीन युरोपात बहुतेक माल फेरीवाले विकत. ज्या विक्रेत्याचे दुकान विद्यापीठापाशी एका जागी कायम असे त्याला 'एका जागी थांबलेला' या अर्थाच्या लॅटिन शब्दाने ओळखत, आणि तो पुस्तके विकत असे. त्या स्थिर दुकानदाराचा माल म्हणून स्टेशनरी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जी मुले गेली होती त्यांना हे सांगताना काहीच अवघड गेले नाही, कारण बाहेर टोपली घेऊन मासे विकायला बसणारी पाग्याची, म्हणजे कोळ्याची, बाई आणि आतल्या ओळीतला कायमचा दुकानदार हा फरक त्यांनी पाहिलेला होता.

काही ठिकाणी मराठीच इंग्रजीचा गुंता सोडवते, आणि असे शब्द भेटले की मला मनापासून आनंद होतो. 'इंटरेस्ट' हा एक शब्द इंग्रजीत तीन कामे करतो, आणि आपल्याकडे त्या कामांना रस, व्याज आणि हितसंबंध असे तीन स्वच्छ शब्द आहेत. म्हणून 'अनइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला आणि 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे हितसंबंध नसलेला, हे मराठीतून एका दमात सांगता येते. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावाच लागतो. तो अनइंटरेस्टेड असेल तर पक्षकारांचे नुकसान होईल. उलट 'ऐतिहासिक' या आपल्या एका शब्दाने इंग्रजीतल्या दोघांची जागा भरलेली आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल 'हिस्टॉरिक' आहे, कारण त्याने इतिहास घडवला. त्याविषयीची कागदपत्रे 'हिस्टॉरिकल' आहेत, कारण ती इतिहासाशी संबंधित आहेत. 'शंका'चेही तसेच. वर्गात हात वर करून 'आय हॅव अ डाउट' म्हणणाऱ्या मुलाला प्रश्न विचारायचा असतो, कारण मराठीत न समजणे आणि विश्वास न बसणे या दोन्हींना शंकाच म्हणतात. भारतात हा प्रयोग इतका रुळला आहे की वर्गात मी तो कधी दुरुस्त केला नाही. पण परदेशी माणसाला पत्र लिहिताना तिथे 'क्वेश्चन' लिहा असे मी सांगत असे, नाहीतर आपण त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवतो आहोत असे त्याला वाटेल.

आमच्या घरात आता चौथी पिढी आहे. माझी नात बंगळुरूला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. गेल्या वर्षी सुट्टीनंतर परत गेल्यावर तिने फोनवर मला सांगितले, "आजी, तू मला आठवतेस." क्षणभर मला वाटले की मी तिच्या आठवणीत नीट राहिले आहे एवढेच ती सांगते आहे. मग कळले की तिच्या मनात 'मिस' हा शब्द होता, आणि मराठीत येताना तो 'रिमेंबर'च्या दारातून आत आला होता. मी तिला सांगितले की पाढा आठवतो, पत्ता आठवतो, पण जे माणूस जवळ नाही म्हणून जीव कासावीस होतो त्याची आठवण येते. तिने ते दोनदा म्हणून पाहिले. पुढच्या रविवारी तिचा फोन आला तो असा: "आजी, मला सातचा पाढा आठवत नाही, आणि तुझी आठवण येते."

फोन ठेवल्यावर मी बाबांची वही काढली आणि कोऱ्या पानावर ते वाक्य उजव्या रकान्यात उतरवले. मधल्या रकान्यात एकाखाली एक रिमेंबर आणि मिस लिहिले. डावा रकाना पोर्तुगीजचा. बाबा असते तर तिथे त्यांनी काय लिहिले असते हे मला ठाऊक होते, कारण निवृत्तीनंतर जुन्या मित्रांना पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी तो शब्द त्यांच्या तिरप्या, सुंदर अक्षरात असे. त्यांचे वळण जमेल तितके सांभाळून मी तिथे 'सौदाद' लिहिले.